हॅश म्हणजे कुठलं गो?

गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी आई गोव्यातल्या साखळीच्या बाजारात गेली होती, माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळांच्या छतासाठी, निरफणस, चिबूड, आंबाडे वगैरे आधीच सांगून ठेवायचे होते आणि किराणावाल्याचं बिल द्यायचं होतं, म्हणून वाटेत एटीएममधून आठ हजार काढायला थांबली. मशीनने आतल्या आत खरखर केली, नोटा मोजतंय असा आवाज, आणि मग काहीच नाही. नोटा नाहीत, पावती नाही, कार्ड तेवढं बाहेर आलं. ती तशीच उभी असताना मोबाईलवर मेसेज आला, खात्यातून ८,००० रुपये वजा.

आई ७४ वर्षांची आहे. मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आता पेन्शन आणि दारातले चार माड यावर तिचं एकटीचं घर चालतं आणि आमच्याकडून एक रुपया घ्यायला तिला आवडत नाही. तिच्या हिशेबात ते आठ हजार म्हणजे पूर्ण चवथ होती. त्यात शनिवार संध्याकाळ, बँक बंद, उद्या रविवार. मी पर्वरीला, जेमतेम तासाच्या अंतरावर, पण मला उगाच त्रास नको म्हणून तिने सांगितलंच नाही. रविवारी सकाळी पूजा आटोपून ती चष्मा लावून बसली आणि कार्डाच्या मागे छापलेला टोल फ्री नंबर लावला.

पुढे काय झालं ते मी तिच्याकडून दोनदा सांगून घेतलंय, कारण ती नेमकी कुठे अडकली ते मला समजून घ्यायचं होतं.

आधी भाषा. इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन, मराठीसाठी तीन. कोंकणी नव्हती. आमच्या घरात बोलायचं कोंकणीत आणि वाचायचं लिहायचं मराठीत, डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, या बाजूला कितीतरी घरांत असंच आहे, त्यामुळे आईने तीन दाबलं आणि तिला बरंही वाटलं की चला आपल्याला कळेल. मग तो आवाज म्हणाला, "आपला सोळा अंकी कार्ड क्रमांक प्रविष्ट करा आणि त्यानंतर हॅश दाबा." प्रविष्ट तिला कळलं, आयुष्यभर मराठी शिकवलंय तिने. हॅश कळलं नाही. आणि आकडे दाबणार कुठे, फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते, कानापासून काढला की आवाज ऐकू येत नाही, आणि स्क्रीन उजळली तरी आकड्यांचे बटण दिसत नाहीत, त्यासाठी आधी वेगळंच एक चित्र दाबावं लागतं. हे सगळं शोधेपर्यंत तिकडून, "आम्हाला आपला प्रतिसाद मिळाला नाही." तीन वेळा फोन लावला, तिन्ही वेळा हेच, आणि मग धन्यवाद म्हणून फोन बंद.

तिने मला पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. "हॅश म्हणजे कुठलं गो? ते जाळीसारखं?"

हो, ते जाळीसारखं. मी नंतर हे वाचलं तेव्हा मला गंमत नाही, वाईटच वाटलं, की ती कळ मुळात फोनवर नव्हतीच. बटणांचा फोन लोकांच्या घरी पहिल्यांदा आला तो १८ नोव्हेंबर १९६३ ला, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या दोन लहान गावांत, आणि त्यावर दहाच कळा होत्या, शून्य ते नऊ. स्टार आणि हॅश १९६८ मध्ये आल्या, मशीनशी बोलायला लागेल म्हणून. प्रत्येक कळ दाबली की दोन सूर एकदम वाजतात, म्हणजे ५ दाबलं तर ७७० आणि १३३६ हर्ट्झचे, आणि हे सूर मुद्दाम असे जोडलेत की माणसाच्या बोलण्यातून ते चुकून निघू नयेत. पलीकडचं यंत्र तेवढंच ऐकतं. म्हणजे आई रविवारी सकाळी तिकडे काय काय बोलली असेल, अहो ऐका, माझे पैसे आले नाहीत, मी साखळीहून बोलते, त्यातला एक शब्द ऐकायला पलीकडे कोणी नव्हतं. ती बोलत होती, मला माहीत आहे ती बोलत होती, कारण फोनवर कोणी बोललं की उत्तर द्यायचं हे तिच्या अंगात आहे.

चौथ्या वेळी शेजारचा नववीतला मुलगा मदतीला आला, स्पीकर लावून आकडे त्याने दाबले. मग सांगण्यात आलं की सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत. मग संगीत, बराच वेळ. मग एक मुलगा आला, हिंदीत, भयंकर वेगात. मराठीसाठी तीन दाबून हिंदी माणूस का आला हे आईला कळेना, पण तिने जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, गोष्ट सांगायला लागली तर त्याने मध्येच थांबवून एटीएम डिपार्टमेंटला जोडतो म्हटलं, पुन्हा संगीत, आणि फोन कट.

आता जे झालं ते लिहिताना माझा हात जड होतो. शेजारच्या मुलाला वाटलं नंबरच चुकीचा असेल, म्हणून त्याने नेटवर बँकेचं नाव आणि कस्टमर केअर असं टाकून सर्च केलं, वरच एक मोबाईल नंबर आला, तो आईने लावला.

पहिल्या रिंगला उचलला.

एक दाबा नाही, दोन दाबा नाही, नमस्ते माताजी, बोलिए. हळू बोलत होता, एकेक शब्द सुटा करून. आईने पहिल्यापासून सगळं सांगितलं, मशीनचा आवाज, मेसेज, सकाळपासून लावलेले फोन, चवथ तोंडावर आहे, बाबा गेल्यानंतर सगळं तिलाच बघावं लागतं, आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही. बहुत गलत हुआ माताजी, अभी करते हैं, असं म्हणाला. मग कार्डाचा नंबर विचारला, महिना-वर्ष विचारलं, मागचे तीन आकडे विचारले, तिने दिले. सकाळी मशीनलाही दिलेच होते की, तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मग ओटीपी आला. तो म्हणाला सांगा. ती म्हणाली थांबा, चष्मा आतल्या खोलीत राहिला. चष्मा आणला आणि मेसेज वाचला, पूर्ण वाचला, कारण वाक्य अर्ध्यात सोडायचं नाही हे तिने कितीतरी मुलांना शिकवलंय आणि स्वतःही पाळते. शेवटी लिहिलं होतं, हा आकडा कोणालाही सांगू नका. आईने फोन उचलून त्याला विचारलं, की इथे तर कोणाला सांगू नका लिहिलंय, मग तुम्हाला कसं सांगू? तो पहिल्यांदा गोड बोलला, मग घाई करायला लागला, मग ओरडला. तो ओरडल्यावर तिने फोन ठेवला आणि मला लावला.

मी पोचले तेव्हा ती बाल्कांवावर, दारातल्या ओट्यावर, बसली होती. मी घाबरलेली, कार्ड ब्लॉक करायची घाई, आणि ती शांतपणे म्हणाली, "पूण तो कितलें बरें उलयतालो गो."

पण तो किती छान बोलत होता. हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. सकाळपासून तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं ते फक्त एका चोराने.

आपण सावध राहा म्हणून लोकांना सांगतो, पोस्टर लावतो, मध्यंतरी रिंगटोनच्या जागी सूचनाही वाजवल्या, ते सगळं हवंच. पण चोराचा धंदा कशावर चालतो तेही बघायला नको का? त्याला ठाऊक असतं की खऱ्या नंबरवर माणूस भेटत नाही. तो तिथेच दुकान लावून बसतो, नेटवर खोटे नंबर टाकतो, आणि त्याच्याकडे अशी एकच वस्तू असते जी बँकेने काढून टाकलीय, फोन उचलणारा माणूस. अडलेल्या माणसाला ती वस्तू इतकी हवी असते की बाकीचं काही दिसत नाही. मला नाही वाटत यात माझी आई भोळी पडली. तिने फोन लावला, समोरून माणूस बोलला, तिने विश्वास ठेवला. तिच्या पिढीत फोन म्हणजे हेच होतं.

असो. आधी कार्ड ब्लॉक केलं. हे मात्र मी प्रामाणिकपणे सांगते, ते काम त्याच मशीनने चोख केलं, कार्ड हरवलंय किंवा ब्लॉक करायचंय हा पर्याय सुरुवातीलाच होता, दोन मिनिटांत झालं, मेसेज आला. शिल्लक किती, चेकबुक पाहिजे, कार्ड बंद करा, असल्या कामांना माणूस नसला तरी माझं काही म्हणणं नाही, उलट रात्री दोन वाजताही होतात ही सोय आहे. मग १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करून त्या खोट्या नंबरची तक्रार दिली. पैसे गेले नव्हते, तरी दिली, तो नंबर उद्या दुसऱ्या कोणाच्या आईच्या हाती लागेल म्हणून.

आणि रात्री जेवणं झाल्यावर मी त्या टोल फ्री नंबरला लागले. पर्याय संपेपर्यंत ऐकले, शून्य दाबून बघितलं, "अवैध पर्याय" आलं. माणसाशी बोलायचा पर्याय तिसऱ्या यादीच्या अगदी शेवटी, नऊ नंबरला, आणि तो ऐकू यायच्या आधी मोबाईल ॲप किती छान आहे ते ऐकावं लागतं. ४१ मिनिटं लागली. फोन चार्जिंगला लावून, स्पीकरवर ठेवून, आई शेजारी वाती वळत बसली होती.

मग एक मुलगी आली. मराठी बोलत होती, विदर्भाकडची वाटली. मी जरा तावातावानेच सुरू केलं, तिने ऐकलं, मग म्हणाली, मॅडम, आई जवळ आहेत का, त्यांच्याशी बोलू द्या ना. आणि आईला तिने सांगितलं, "काकू, मशीनमधून पैसे निघाले नाहीत ना, मग ते पाच दिवसांत आपोआप खात्यात परत येतात. तुम्ही काही केलं नाही तरी येतात. नाही आले तर सहाव्या दिवसापासून रोजचे शंभर रुपये बँक तुम्हाला देते. मी तक्रार पण लिहून घेतलीय, हा नंबर लिहून घ्या."

एवढंच.

मी नंतर तपासलं, खरं आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, एटीएममधून पैसे न येता खात्यातून गेले तर व्यवहाराच्या दिवसापासून जास्तीत जास्त पाच दिवसांत परत टाकायचे, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागायची वाट न बघता द्यायची. म्हणजे आईने काहीही केलं नसतं, कोणालाही फोन केला नसता, तरी पैसे आलेच असते. हे एक वाक्य तिला शनिवारी संध्याकाळी कोणी सांगितलं असतं तर ती रात्रभर झोपली असती आणि रविवारी चोरापर्यंत पोचलीच नसती. तो मेनू मी आता पाठ केलाय, त्यात कर्जाची माहिती आहे, विम्याची आहे, सोन्यावरच्या कर्जाची तर दोनदा आहे. हे वाक्य कुठेच नाही.

माझ्या मामाचा मुलगा पुण्याला दोन वर्षं कॉल सेंटरला होता, रात्रपाळी, मी त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला ताई, तिकडे बसलेल्या पोरांना शिव्या देऊ नकोस. त्यांच्या स्क्रीनवर घड्याळ असतं, एक कॉल सरासरी किती मिनिटांत संपवला याचा रोज हिशेब, त्याला एएचटी म्हणतात, तो वाढला की टीम लीडर मागे येऊन उभा. फोन घ्यायच्या आधी माणूस ४० मिनिटं थांबून चिडलेला असतो, तो राग ह्यांच्यावर निघतो, आणि ज्याने माणसं कमी ठेवली तो कधीच फोनवर येत नाही. त्याच्याकडूनच मला कंटेनमेंट हा शब्द कळला. शंभर जणांनी फोन केला आणि त्यातले किती माणसापर्यंत न पोचता मशीनवरच संपले, त्याचा आकडा. तो जितका जास्त तितकं सिस्टिम चांगलं चालतंय असं धरतात. मी विचारलं, आणि जो कंटाळून फोन ठेवतो तो कशात मोजतात? तो म्हणाला काही ठिकाणी वेगळा काढतात, काही ठिकाणी त्यातच. म्हणजे आईने सकाळी तीनदा फोन लावला आणि तीनदा हॅश न सापडल्यामुळे कट झाला, ते कदाचित कुठल्या तरी ऑफिसच्या तक्त्यावर तीन यशस्वी कॉल म्हणून बसलेत. मी त्यादिवशी रात्री बराच वेळ जागी होते.

थांबायला किती लागणार हे काही देवाच्या हाती नसतं, त्याचं गणित आहे आणि ते शंभर वर्षांपूर्वीच झालंय. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता, त्याने १९०९ मध्ये यावर पहिला लेख लिहिला आणि १९१७ मध्ये सूत्रं दिली, अजूनही कॉल सेंटरमध्ये किती माणसं लागतील ते त्यावरूनच काढतात. मी वहीत करून बघितलं. समजा तासाला १२० फोन येतात आणि प्रत्येकाला पाच मिनिटं लागतात. दहा माणसं बसवली तर काम आणि माणसं बरोबरीत येतात, पण फोन कधी एकदम येतात कधी थांबून, त्यामुळे रांग वाढतच जाते, संपतच नाही. अकरा बसवली तर सरासरी साडेतीन मिनिटांच्या आसपास थांबावं लागतं. आणि चौदा बसवली तर? तेरा सेकंद. साडेतीन मिनिटांवरून तेरा सेकंदांवर, फक्त तीन खुर्च्या वाढवून. तेव्हा ४१ मिनिटं संगीत ऐकवणारा जो कोणी आहे त्याने हे गणित केलेलं असतं, त्याला उत्तर माहीत असतं, त्याने त्या खुर्च्या ठेवायच्या नाहीत असं ठरवलेलं असतं. "सध्या कॉलची संख्या नेहमीपेक्षा जास्त आहे" हे मी सकाळी, दुपारी, रात्री, आठवडाभर ऐकलंय.

आईला मी हे सांगत होते तेव्हा ती म्हणाली, आमच्या वेळी एक्स्चेंजमध्ये बाई असायची. ती लग्न होऊन आली त्या सुमाराची गोष्ट, गावात फोन मोजके, हँडल फिरवायचं आणि नंबर सांगायचा, पण नंबर कोण सांगतोय, डॉक्टरांकडे लावा म्हणायचं. आणि ती बाई सांगायची, डॉक्टर घरात नाहीत, आत्ताच डिचोलीला जायला निघालेत, तिथल्या दवाखान्यात लावू? मुंबईला ट्रंक कॉल बुक करून अख्खी दुपार बसावं लागायचं, ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे प्रकार आणि तसे पैसे, त्यामुळे तेव्हा सगळं छान होतं असं आई पण म्हणत नाही. नंतर एसटीडीचे पिवळे बोर्ड आले तेव्हा तिलाच सगळ्यात जास्त आनंद झाला होता. पण थांबायचंय किती आणि का, ते सांगायला कोणीतरी होतं, हे ती म्हणते.

ऑपरेटर काढून टाकायची कल्पना ज्याला पहिल्यांदा जमली तो स्ट्राउजर नावाचा अमेरिकेतला अंत्यविधीचं काम करणारा माणूस होता, कॅन्सस सिटीचा. त्याच्याबद्दल अशी गोष्ट सांगतात की गावातल्या दुसऱ्या अशाच धंदेवाल्याची बायको ऑपरेटर होती आणि ती याचे फोन नवऱ्याकडे वळवायची, म्हणून चिडून त्याने आपोआप जोडणारं एक्स्चेंज बनवलं. पेटंट १८९१ चं, आणि दुसऱ्या वर्षी इंडियाना राज्यात ला पोर्ट नावाच्या गावात पहिलं सुरू झालं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते कारण त्याची तक्रार रास्त होती. माणूस मध्ये असला की तो पक्षपातही करतो. त्याला यंत्र हवं होतं ते ज्याच्याशी बोलायचंय त्याच्यापर्यंत सरळ पोचायला. आज तेच यंत्र बरोबर उलट कामाला लावलंय, कोणापर्यंत पोचू नये म्हणून.

पुढे २००५ च्या सुमाराला अमेरिकेतच पॉल इंग्लिश नावाच्या सॉफ्टवेअरवाल्याने कुठल्या कंपनीत काय दाबलं की माणूस येतो याची यादीच करून लोकांना दिली होती, इतके लोक वैतागलेले होते. आपल्याकडे निदान मोबाईल कंपन्यांच्या बाबतीत त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत स्पष्ट लिहिलंय, पहिल्या पायरीला भाषा, दुसऱ्या पायरीला तक्रार की सेवा, आणि तिसऱ्या पायरीच्या यादीत माणसाशी बोलायचा पर्याय असलाच पाहिजे. आणि तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मिळालाच पाहिजे. हे मला माहीतच नव्हतं. आता मी मोबाईलवाल्यांना फोन लावते तेव्हा पायऱ्या मोजते.

बँकेचं म्हणाल तर मी हे शिकले ते सांगते, कोणाच्या उपयोगी पडेल. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा, नेटवर शोधायचा नाहीच. बोलणं झालं की तक्रार नंबर, तारीख, वेळ वहीत. फोनवर तासभर घालवण्यापेक्षा त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल किंवा शाखेत लेखी अर्ज आणि त्याच्या प्रतीवर शिक्का, कारण पुढचा रस्ता तिथूनच सुरू होतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, २०२१ मध्ये तिन्ही जुन्या योजना एकत्र करून एकच केली, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, माहितीला १४४४८ नंबर आहे. ज्यांना कॉम्प्युटर जमत नाही त्यांना चंदीगडच्या त्यांच्या केंद्रात पोस्टाने पण तक्रार पाठवता येते, हे कळल्यावर आईचा चेहरा उजळला, पत्र लिहायचं म्हटलं की तिला जोर येतो. आणि त्या योजनेत ग्राहकाचा गेलेला वेळ आणि झालेला मनस्ताप यासाठी वेगळी भरपाई मागता येते. मला हे वाचून फार बरं वाटलं. मनस्ताप हा शब्द सरकारी कागदात आहे म्हणजे तो होतो हे कोणीतरी मान्य केलंय.

पण अर्ज, लोकपाल हे सगळं माझ्यासारखीला. आईसारख्यांचं काय, आणि आमच्या वाड्यावर तशी कितीतरी घरं आहेत, मुलं पुण्याला, बंगळूरला, आखातात, बोटीवर, आणि घरात एक म्हातारं माणूस आणि एक टचस्क्रीन. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केला तर माणूस उचलतो. पावसात झाड पडून लाईट गेली की वाड्यावर सगळ्यांकडे लाईनमनचा नंबर असतो, तो उचलतो, कधी वैतागून उचलतो पण सांगतो की बाय, डिचोलीहून लाईन गेलीय, आज येणार नाही, मेणबत्ती लावून जेवून घ्या. लाईट येत नाही पण माणूस जेवून झोपतो. मला मशीन नको असं नाहीच, मला फक्त त्या मेनूत सगळ्यात आधी, हॅशच्या आधी, सोळा आकड्यांच्या आधी, कोणाशी तरी बोलायचंय त्यांनी काहीच दाबू नका, थांबा, असं हवंय. काही न दाबता थांबलेला माणूस म्हणजे ज्याला दाबता येत नाही तो. आज त्याचाच फोन सगळ्यात आधी कट होतो.

पैसे बुधवारी आले, चौथ्या दिवशी. आई स्वतः शाखेत जाऊन पासबुक भरून आली, ८,००० जमा, त्या ओळीखाली तिने पेन्सिलने बारीक रेघ मारली. माटोळीचं सामान आलं, पातोळ्यांना हळदीची पानं परसातलीच निघाली.

गुरुवारी सकाळी तिचा फोन, त्या मुलीला सांगायला हवं गो पैसे आले म्हणून. वाट बघत असेल. मी म्हटलं आई, तिच्यापर्यंत नाही पोचता येत, तिथे शेकडो जण असतात, फोन कोणालाही लागतो. तिला ते पटलं नाही. नाव का नाही विचारलंस म्हणून मलाच बोलली. खरंच नव्हतं विचारलं, तिने सुरुवातीला सांगितलं असणार पण मी तेव्हा रागात होते.

चवथीला घरी गेले तेव्हा तिने फोन माझ्या हातात दिला. त्या रात्रीच्या कॉलनंतर बँकेकडून एक मेसेज आलेला, आमची सेवा कशी वाटली, एक ते पाच गुण द्या. त्याच्याखाली आईने मराठीत लिहिलं होतं, टाईप करायला तिला अर्धा तास तरी लागला असेल, काना-मात्रा सगळं बरोबर, "चि. मुलीस आशीर्वाद. पैसे मिळाले. तू सांगितल्याप्रमाणेच झाले. काळजी करू नये. कधी गोव्यात आलीस तर साखळीला घरी ये." त्याच्या बाजूला लाल खूण होती, मेसेज पाठवता आला नाही. तिने तीन वेळा पाठवून बघितला होता.

"हांगा हॅश दामूंक जाय काय?" इथे हॅश दाबायला हवं का, तिने विचारलं.